येमेनचा दहावा प्रश्न

शनिवार, अठरा जानेवारी. धुळे, कॉलेजच्या ग्रंथालयाची वाचनखोली. सकाळी साडेअकरा.
हजर: इराण, इराक, ओमान, कतार, जॉर्डन, येमेन आणि निमंत्रक. येमेनसोबत अक्का.
गैरहजर: सौदी (परीक्षेचं काम), लेबनॉन (घरी लग्न).

आमच्या बैठकीची हजेरी अशीच लिहिली जाते. बाहेरच्या कुणी वही उघडली तर त्याला वाटेल, धुळ्यात कसली तरी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. प्रत्यक्षात आम्ही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या कॉलेजांत राज्यशास्त्र शिकवणारी आठ-नऊ माणसं. पश्चिम आशियाच्या राजकारणाचा अभ्यास करायचा म्हणून एकत्र आलो. दर दोन महिन्यांनी भेटतो, एकदा जळगावला, एकदा धुळ्याला. प्रत्येकाकडे एक देश. तो त्याने वर्षानुवर्षं सांभाळायचा: कात्रणं ठेवायची, बातम्या पडताळायच्या, दोन महिन्यांत काय घडलं त्याचा पंधरा मिनिटांचा अहवाल वाचायचा. हळूहळू माणसांना देशाच्याच नावाने हाक मारायची सवय लागली. "इराण, चहा घेणार का?" यात आम्हाला आता काही विचित्र वाटत नाही.

आपला देश प्रत्यक्ष पाहिलेला आमच्यात एकच, कतार; तोही विमान बदलताना पाच तास. इराण रावेरकडचा आहे. त्याच्या घरची केळी कंटेनरमधून तिकडे जातात, त्यामुळे तो म्हणतो, "माझ्याआधी माझी केळी जाऊन आलीत, मला काय घाई?" ओमान सगळ्यांत लहान, भडगावची, तीन वर्षांपूर्वी आलेली.

मी निमंत्रक. निमंत्रकाला देश नसतो, हा नियम. पत्रं पाठवणं, खोली ठरवणं, इतिवृत्त लिहिणं, कोणाचा अहवाल लांबला की घड्याळ दाखवणं, ही माझी कामं. अकरा वर्षांपूर्वी मी आले तेव्हा मला देश हवा होता. नानांनी माझी वही पाहिली, समासात ओढलेल्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, तू निमंत्रक हो. मला वाईट वाटलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. कामाला लागले.

नाना म्हणजे येमेन. हे मंडळ त्यांनी सुरू केलं. धुळ्याला त्यांच्याच हाताखाली मी बी. ए. केलं. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. येमेनच का, असं नव्या माणसाने विचारलं की ते सांगत, पेशवाईच्या अखेरीस आपल्याकडच्या किल्ल्यांवर जे अरब शिपाई होते, त्यांतले बरेचसे तिकडच्या हद्रामौतचे. इथे राहून गेलेली माणसं ती. त्यांच्या गावाकडे कसं चाललंय, एवढी विचारपूस आपण करायला नको? त्या एका विचारपुशीत त्यांची तीस वर्षं गेली. त्यांचा प्रत्येक अहवाल एकाच मुद्द्यावर संपायचा: राजधानी सनामधलं पाणी. युद्ध, तह, बंदरं, सगळं सांगून झालं की चष्मा काढून ते म्हणत, "आता पाण्याचं." मग विहिरी किती खोल गेल्या, टँकर कोणाच्या हातात आहेत, बायकांना रांगेत किती वेळ जातो, हे यायचं. मी दर वेळी लिहून घ्यायचे. अकरा वर्षं.

देश सोडायचा असेल तर त्याचीही आमच्याकडे रीत आहे, तीही नानांचीच. सोडणाऱ्याने घेणाऱ्याला सगळ्यांसमोर दहा प्रश्न विचारायचे. दहाचीही उत्तरं आली की कात्रणांचा गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा. एकाचं जरी राहिलं, तरी उत्तर येईपर्यंत देश जुन्या माणसाकडेच. इराकला दोन बैठका लागल्या होत्या. तो ते अजून विसरलेला नाही, आम्हीही विसरू देत नाही.

गोष्ट खरी सुरू झाली नोव्हेंबरच्या जळगावच्या बैठकीत. नाना वाचायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला माझं पेन थांबलं. हे वाक्य माझ्या वहीत आधीच होतं. मी चार पानं मागे गेले. सप्टेंबरचा अहवाल, शब्दाला शब्द तोच. नाना तो तितक्याच उत्साहाने वाचत होते, त्याच जागी थांबत होते, त्याच जागी हसत होते.

मी वर पाहिलं. टेबलाभोवती सगळ्यांना कळलं होतं. कतार स्वतःच्या नखांकडे बघत होता. लेबनॉन मान डोलवत होता, जरा जास्तच. चर्चेची वेळ आली तेव्हा कोण काय बोलणार याची मला धास्ती होती. इराणने हात वर केला आणि सप्टेंबरमध्ये विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत. नानांनी उत्तर दिलं. ते सप्टेंबरपेक्षा चांगलं होतं.

इतिवृत्तात काय लिहायचं, यावर त्या संध्याकाळी मी बराच वेळ बसले. खोटं लिहायचं नव्हतं आणि जे घडलं तेही लिहायचं नव्हतं. शेवटी लिहिलं: "येमेनचा अहवाल वाचण्यात आला. चर्चा झाली." दोन्ही वाक्यं खरी.

चार दिवसांनी अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे नानांची बायको. त्या माझ्याशी कधी फोनवर बोलल्या नव्हत्या. नाना अंगणात होते, तेवढ्यात बोलून घेते म्हणाल्या. डॉक्टरांना दाखवलं होतं. औषध सुरू होतं, पण त्याने फार फरक पडेल असं डॉक्टर म्हणाले नव्हते. घरातली माणसं ओळखतात, म्हणाल्या, जेवण व्यवस्थित आहे, फक्त कालचं आणि परवाचं एक होतं. सकाळी पेपर आला की कात्री घेऊन बसतात. कधी तेच कात्रण दोनदा कापायला बघतात, मग त्या दुसरं पान पुढे करतात. अक्का माझ्याशी एरवी शहरी मराठी बोलायच्या, पण शेवटचं वाक्य त्यांच्या घरच्या बोलीत आलं.

"येमेन काढी नका लेजो त्यासनाकडथून. आते तेवढंच शे."

काढणार नाही, असं मी सांगितलं. त्या वेळी ते मनापासून सांगितलं.

डिसेंबरात पत्र आलं. आमच्यासारखी मंडळं आणखी काही शहरांत आहेत. त्यांच्याशी आमचा जुना पत्रव्यवहार आहे आणि सगळ्यांनी मिळून एक पुस्तक करायचं घाटत होतं. प्रत्येक देशावर एक प्रकरण. कोणत्या देशाचं प्रकरण कोण लिहिणार, याचा तक्ता जानेवारीच्या बैठकीनंतर पाठवायचा होता. येमेनवर लिहायला तर त्यांना आमच्याकडचाच माणूस हवा होता, कारण नानांचं काम त्यांना माहीत होतं.

मी तक्ता केला. इथे माझ्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. मी प्रत्येक यादीच्या दोन प्रती करते: एक सगळ्यांना पाठवायची, एक माझी. माझ्या प्रतीत शेवटी एक जास्तीचा रकाना असतो. त्यात मला काय करायचंय ते मी लिहिते. तिथे मी कुणाची भीड ठेवत नाही, कारण ती कुणी वाचणार नसतं. कतारसमोर लिहिलं होतं: "दोनदा आठवण करून देणे, तिसऱ्यांदा बायकोला फोन." येमेनसमोर लिहिलं होतं: "रिक्त होणार. नानांशी बोलणे. कसं?"

सकाळी सव्वासहाला, चहा उकळत असताना, मी तक्ता ग्रुपवर टाकला. माझी प्रत टाकली.

चार मिनिटांत लक्षात आलं. पुसून टाकली, दुसरी पाठवली. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. फक्त कतारच्या बायकोचा मला वेगळा निरोप आला, तिसऱ्यांदा कशाला, पहिल्यांदाच मला फोन करत जा. म्हणजे चार मिनिटं पुरली होती. आणि मला माहीत होतं की नानांच्या घरी पहाटे पाचला दिवा लागतो, आणि छोटी अक्षरं त्यांना दिसत नाहीत म्हणून ग्रुपवरचं सगळं अक्काच त्यांना मोठ्याने वाचून दाखवतात.

पंचवीस वर्षं मी याद्या करते आहे. सहलीच्या, परीक्षांच्या, सासूबाईंच्या औषधांच्या. अशी चूक कधी केली नव्हती. दोन दिवस धुळ्याला फोन करायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी केला. अक्कांनी उचलला, तब्येत विचारली, थंडी फार आहे म्हणाल्या. यादीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

म्हणून अठरा जानेवारीला जळगावहून बसमध्ये बसले तेव्हा वहीत फक्त एक ओळ होती: "माफी मागणे, बैठकीच्या आधी, एकट्यात." एरंडोल गेलं, पारोळा गेलं, वाक्य जुळेना. वाचनखोलीत शिरले तर नाना आधीच येऊन बसलेले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात मफलर, मांडीवर गठ्ठा. येमेनची तीस वर्षांची कात्रणं, जुन्या पातळाच्या कापडात बांधलेली. दाराजवळच्या खुर्चीत अक्का, मांडीवर हातांची घडी. पोहे आले होते. एकट्यात बोलायला जागाच नव्हती.

मी हजेरी घेतली. तारीख लिहिली. पहिला अहवाल कोणाचा ते विचारणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "निमंत्रक, थांब. आधी माझं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. माझ्या यादीतली येमेनची ओळ अक्कांनी त्यांना मोठ्या अक्षरांत उतरवून दिली होती.

"नानांशी बोलणे. कसं?" त्यांनी वाचलं. कागदावरून माझ्याकडे पाहिलं. "इतका अवघड प्रश्न कधीपासून झालो मी?"

मग इराण हसला, आणि त्याच्यामागोमाग नाना स्वतः.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. ते सावकाश, अगदी स्वच्छ बोलले. म्हणाले, मला कळतंय. रोज कळत नाही, आज कळतंय, म्हणून आज उरकून घेऊ. नोव्हेंबरला मी जुनंच वाचलं, घरी जाऊन वही बघितली तेव्हा समजलं. तुम्ही सगळे गप्प बसलात. ते चांगलं केलंत की वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही. पण देश असा राहू देता येत नाही. तिकडे माणसं मरताहेत, आणि त्यांची बातमी ठेवणारा माणूस तारखा विसरतो, हे बरोबर नाही.

आणि मग म्हणाले की येमेन घेणाऱ्याचं नाव त्यांनी ठरवलं आहे. मला वाटलं ओमान. ओमानलाही तसंच वाटलं असावं, कारण ती ताठ बसली.

"निमंत्रक," नाना म्हणाले. "दहा प्रश्न."

निमंत्रकाला देश नसतो, मी म्हणाले. नियम तुमचाच आहे, नाना. त्यावर ते म्हणाले, नियम मी केला, म्हणजे बदलायचा हक्कही थोडासा माझा. कुणाची हरकत? कुणाची नव्हती. कतारने तर हात वर करून पाठिंबा दिला. बायकोला होणारे फोन वाचतील, असा त्याचा हिशेब असावा.

प्रश्न त्यांनी वहीच्या पानावर लिहूनच आणले होते, मोठ्या अक्षरांत, शाईने. पहिला विचारला: उत्तर आणि दक्षिण येमेन वेगळे का होते? मी एडनमधल्या इंग्रजांपासून आणि उत्तरेतल्या इमामापासून सुरुवात केली आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. मी या देशावर एकही पुस्तक मुद्दाम वाचलेलं नव्हतं. पण अकरा वर्षं, वर्षाला सहा बैठका, नानांचा प्रत्येक शब्द माझ्या हातून कागदावर गेला होता. हाताने लिहिलेलं कुठेतरी राहतं. हुदैदा बंदर बंद पडलं तर सगळ्यांत आधी काय तुटतं? धान्य. बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी इतकी अरुंद असून जगाला का नडते? कॉफी कोणत्या बंदराच्या नावाने ओळखली जायची? हद्रामौतची माणसं आपल्याकडे कशासाठी आली? त्या उत्तरात मी मधे अडखळले, तर कोपऱ्यातून अक्कांनी किल्ल्याचं नाव सांगितलं. नानांनी त्यांना दटावलं. कॉपी चालणार नाही, म्हणाले.

प्रत्येक उत्तराला ते पेन्सिलीने बरोबरची खूण करत होते, मी याद्यांवर करते तशीच, छोटी, समासाच्या आत. नऊ खुणा झाल्या. माझे कान गरम झाले होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा तोंडी परीक्षेला बसले होते आणि पहिली येत होते. आणि हेही सांगते, मला येमेन हवा होता. गठ्ठ्याच्या कापडाचा काठ मला दिसत होता, हिरवा. अकरा वर्षांपूर्वीचं ते वाईट वाटणं अजून तसंच होतं, घडी घालून ठेवलेलं.

नानांनी चष्मा काढला.

"दहावा. सनामधली बाई सकाळी उठली की पहिल्यांदा काय बघते?"

पाणी. टाकीत आहे की नाही, टँकर येणार की नाही. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. नानांचे अहवाल ज्याने एकदा ऐकले त्यालाही माहीत होतं. धुळ्यात आणि जळगावात पाणी किती दिवसांनी येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अहवालही ऐकावा लागला नसता. ओमानच्या ओठावर शब्द आलाच होता. शेजारच्या इराणने पोह्यांची प्लेट तिच्यासमोर सरकवली, आणि तिने त्याच्याकडे बघून तोंड मिटलं.

मी नानांकडे पाहिलं. त्यांचा एक हात गठ्ठ्याच्या गाठीवर होता. दुसऱ्या हातातली पेन्सिल दहाव्या आकड्याजवळ थांबलेली. बोटांनी त्यांनी ती गाठ पुन्हा एकदा आवळली.

उद्या सकाळी पेपर येईल, मला वाटलं. कात्री असेल. आणि कात्रण ठेवायला गठ्ठा नसेल.

"नाना," मी म्हणाले, "हे मला बघून सांगावं लागेल."

नानांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडे पाहिलं, उत्तरपत्रिका तपासताना पाहायचे तसं. त्यांना कळलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. दहाव्या आकड्यासमोर त्यांनी खूण केली नाही. पानाची घडी केली, खिशात ठेवली, गठ्ठा दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला.

"बघ, पोरी," ते म्हणाले. "घाई नाही. तोवर राहू दे माझ्याकडे."

मग ओमानने अहवाल वाचला आणि बैठक नेहमीसारखी झाली. तक्त्याचंही ठरलं. येमेनच्या प्रकरणावर नानांचं नाव राहील, खाली "सोबत" म्हणून माझं. मजकूर त्यांच्या तीस वर्षांच्या अहवालांतून मी जुळवीन, अलीकडच्या घडामोडी मी लिहीन, आणि हे असं केलंय ते पहिल्याच टिपेत स्पष्ट सांगू. पुस्तकवाल्यांना तसं कळवलं. त्यांनी मान्य केलं.

निघताना दारात अक्का चपला शोधत होत्या. नाना पुढे गेले होते, इराणचा हात धरून, केळीचा भाव विचारत. मी अक्कांची चप्पल खुर्चीखालून काढून दिली. ती पायात सरकवता सरकवता त्या हळूच म्हणाल्या, "इतलं तर माले बी माहीत शे वं माय. बठ्ठं पाणी मीच भरस." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरत पायरी उतरल्या. तो हात खांद्यावर गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला.

परतीच्या बसमध्ये ओमान पारोळ्यापर्यंत माझ्यासोबत होती. तिने विचारलं, ताई, असं किती दिवस चालवायचं? मग तीच म्हणाली की तिच्या आजोबांना शेवटी शेवटी घरच्यांनी शेताचा हिशेब लिहायला देणं बंद केलं, त्यानंतर ते वर्षभर बोलले नाहीत कुणाशी. ती पारोळ्याला उतरली.

आता जुलै आहे. कामाची पद्धत ठरली आहे आणि ती चालते. दर पंधरा दिवसांनी मी येमेनच्या बातम्या एका पानात लिहून अक्कांना पाठवते. त्या वाचून दाखवतात. नाना मधे थांबवतात, चुका काढतात. मागच्या खेपेला दोन काढल्या, त्यांतली एक खरी होती. त्यांचं म्हणणं अक्का फोनवर सांगतात, मी लिहून घेते. बैठकीत अहवाल मी वाचते आणि नाना शेजारी बसतात. पाण्याचा भाग त्यांच्यासाठी ठेवलेला असतो, तो ते न बघता सांगतात. तो बहुतेक तोच असतो. पाणीही बहुतेक तिथेच आहे, त्यामुळे अहवाल चुकत नाही. मार्चमध्ये ते बैठक अर्धी झाल्यावर मला विचारू लागले की तू कोणत्या देशाची. मी म्हटलं, मी निमंत्रक. हो हो, म्हणाले, तुझ्या समासाच्या रेघा चांगल्या असतात.

आज सकाळी नवी यादी करायला बसले, आधी जुनी तपासली. पुस्तकाचं तिसरं प्रूफ तपासणे: झालं. धुळ्याची खोली सप्टेंबरसाठी ठरवणे: झालं. कतारच्या बायकोला फोन: झाला. सासूबाईंचा चष्मा: झाला. जुन्या यादीतली जी ओळ राहते ती मी पुढच्या पानावर उतरवून घेते, तशी सहा महिने उतरवते आहे. आजही पान उलटून, रेघ ओढून, पहिलीच ओळ लिहिली:

येमेन, प्रश्न दहावा. उत्तर बघून नानांना सांगणे. बाकी.